जुन्या गाडीवर पैसे घालायचे की सेकंडहँड घ्यायची?

गाडीला दहा-बारा वर्षं झाली की घरात हा विषय निघतोच, आणि बोलणं थेट किमतीवर जातं. मला विचाराल तर आधी एकच बघा: आपल्या गाडीत जे नाही, ते नंतर बसवता येतं का?

आराम बसवता येतो. पण अपग्रेड म्हटलं की लोक टचस्क्रीन, अलॉय आणि पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बकडे धावतात, ते मला अजिबात पटत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की प्रकाश विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तेच पैसे शॉकॲब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), इंजिन माउंटिंग आणि टायरवर घाला. रबर गाडी उभी असतानाही कडक होतं, चिरतं. आपण गाडी म्हातारी झाली म्हणतो, तेव्हा अनेकदा इंजिन ठणठणीत असतं आणि खडखडत असतात ते हे बुश. ते बदलले की गाडी रस्त्याला पुन्हा धरून चालते.

मात्र त्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा, सस्पेन्शन बॉडीला जोडलेलं असतं तो भाग. तिथे गंजाने पत्रा खाल्ला असेल तर त्या गाडीवर पैसे घालू नका. इंजिन उतरवून दुरुस्त होतं, सांगाड्याचं तसं नसतं.

आणि सुरक्षितता. एअरबॅग त्या मॉडेलची बॉडी, सेन्सर आणि सीटबेल्ट यांच्याशी जुळवून बनवलेली असते. बाहेरून आणून लावायची वस्तू नाही ती. ईएससीचंही (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) तेच. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरते. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून ती नव्या गाड्यांना सक्तीची आहे, ती उगाच नाही.

सेकंडहँड घेताना एक लक्षात ठेवा, आधीच्या मालकाने टाळलेला खर्च आपल्या गळ्यात येतो. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. क्लच, ब्रेक ऑइल, कूलंट या सगळ्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरा आणि मगच आपल्या गाडीच्या दुरुस्तीच्या आकड्याशी तुलना करा. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, थंड स्टार्टला बरंच कळतं. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावल्यावर एकही एरर नाही पण तो कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर एरर नुकतेच पुसलेले असू शकतात, किंवा बॅटरी काढलेली असू शकते. विक्रेत्याला विचारा, आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा स्कॅन करायला सांगा.

माझ्या गाडीचा पत्रा शाबूत आहे, इंजिन उत्तम आहे, एअरबॅगही आहेत. फक्त ईएससी नाही. मी एकटाच चालवत असतो तर बुश-टायर बदलून ती आणखी काही वर्षं आनंदाने ठेवली असती. आता मुलगी हायवेवर गाडी घेऊन जाऊ लागली आहे, म्हणून मी ईएससी असलेली सेकंडहँड शोधतोय, भले ती दिसायला साधी असो.