सगोत्र जोड्या जुळवण्याची सोपी रीत

बुद्धिबळ इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांची, स्पर्धा भरवताय? वा! परवाच एका ऑनलाइन स्पर्धेचा तक्ता पाहिला आणि ही विद्या वाया जाऊ नये असं वाटलं.

प्रवेश देताना गोत्र, म्हणजे कोड मुळात कोणाचा, ते विचारू नका. स्टॉकफिश या सगळ्यात तगड्या इंजिनांपैकी एकाचा कोड खुला आहे. कोणी नाव बदलतो, कोणी दोन-चार आकडे, कोणी नुसतं स्थितीचं मूल्यमापन करणारं न्यूरल जाळं. 2021 मध्ये फॅट फ्रिट्झ 2 असंच जाळं बदलून बाजारात आलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याला काय त्याचं? 16 प्रवेशिकांत 6 एकाच घरच्या निघाल्या, तर 'भरघोस प्रतिसाद' म्हणायचं.

चाली जुळवून पाहणारी सिम चाचणी तर मुळीच नको. हजारो स्थिती, प्रत्येकीला सारखाच क्षणभर वेळ, आणि कोणाच्या किती चाली जुळतात ते मोजायचं. एक रात्र जाते हो!

ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या ठरावीक सुरुवातीच्या चालींचा, संच देऊ नका. दिलाच, तर एका ओपनिंगवर एकच डाव. इंजिनांचे डाव लावणाऱ्या क्यूट चेस या प्रोग्रॅममध्ये 'दोन डाव, रिपीट' इतकं लिहिलं की रंग उलटून तेच ओपनिंग पुन्हा खेळलं जातं, आणि मग पांढऱ्यांचा फुकटचा फायदा कोणालाच मिळत नाही. मजा जाते.

पद्धत मात्र स्विसच, म्हणजे दर फेरीत सारख्या गुणांचे एकमेकांशी. रेटिंगने क्रम लावा, वरचे आठ खालच्या आठांशी. ती सहा भावंडं वरच्या आठांत असणारच, आणि पहिल्या फेरीत वरचे आठही जिंकणार. आता एका गुणाच्या गटात आठ जण, त्यात सहा घरचे. कशाही जोड्या लावा, किमान दोन लढती घरातल्या घरात. तिथे बहुधा बरोबरीच, कारण मूल्यमापन जवळपास एकच: एकाला जी चूक दिसत नाही ती दुसऱ्यालाही दिसत नाही, मग शिक्षा कोण करणार? पुढच्या फेऱ्यांतही तेच. वर आपसातल्या बरोबऱ्यांनी सगळ्यांचं बुकोल्झ, म्हणजे बरोबरी फोडायला मोजलेली प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, गुबगुबीत. आणि ज्या बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने इंजिन लिहिलं, तो दोन फेऱ्या जिंकला की त्याच कुळाशी ओळीने तीनदा भिडतो. सुरुवातीलाच हरलेला दुसरा या कुळाला न भेटताच त्याच्या वर बसतो! ही स्पर्धा का घरचं हळदीकुंकू?

'यंत्रं कुठे संगनमत करतात?' असं वर विचारायचं. अहो, संगनमत लागतच नाही! 1962 मध्ये कुरासाव बेटावर, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत, पेट्रोशियान, केरेस आणि गेलर या सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले, त्यांना निदान तसं ठरवावं तरी लागलं असेल. इथे कोडच एक आहे. माणसांसाठी हे कधीच ओळखलं गेलंय. 2024 च्या टोरांटोतल्या कँडिडेट्समध्ये गुकेश, प्रज्ञानंद आणि विदित दोन्ही टप्प्यांच्या पहिल्या तीन फेऱ्यांतच एकमेकांशी खेळून मोकळे झाले, शेवटी कोणाला कोणावर मेहेरबानी करायला वाव नको म्हणून.

तुम्हाला हे माहीत नाही असं नाही. आळस आहे, दुसरं काही नाही. एका कुळातून एकच इंजिन घ्या. जास्त घ्यायची हौसच असेल तर स्विस सोडा, साखळी खेळवा, घरचे डाव पहिल्या फेऱ्यांत उरका आणि त्यांचे गुण वेगळ्या रकान्यात दाखवा. एक रकाना वाढवायला हात दुखतात का तुमचे?