बनी तो बनी, नहीं तो परभणी

लाँचर नावाचा प्रोग्राम स्वतः एकही गेम चालवत नाही. तो टीव्हीवर गेमची चित्रं ओळीनं मांडतो आणि आपण बटण दाबलं की एम्युलेटरला हाक मारतो. एम्युलेटर म्हणजे रेट्रोआर्चसारखं बहुरूपी, कितीतरी जुन्या यंत्रांचं सोंग आणणारं. पण तेही पुढं कोअरला, म्हणजे एकेका यंत्राचं सोंग सांभाळणाऱ्या तुकड्याला, हाक मारतं. निन्टेंडोचा कोअर वेगळा, सेगाचा वेगळा. कोअर मग रॉम मागतो, म्हणजे जुन्या कॅसेटीतल्या चिपची नक्कल. एवढ्या हाकांनंतर जो मारिओ उडी मारतो, त्याची अख्खी फाईल ४० किलोबाईटची. १९८५ साली तेवढ्यात भागलं होतं. लाँचरनं त्याच मारिओच्या खोक्याचं चित्र इंटरनेटवरून उतरवलं, तर ते गेमपेक्षा कितीतरी पट जड निघालं.

हा उद्योग भाच्यासाठी. मे महिन्यातल्या परभणीत लेकराला बाहेर सोडता येत नाही आणि आत ठेवलं की ते मोबाईलमध्ये जातं. म्हणून जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, कुलरची तोंडं आमच्याकडं वळवली आणि मामा-भाचे कामाला बसलो. कुलर कॉम्प्युटरलाही लागत होता.

पहिला मान कॉन्ट्राचा. चित्रं झकास आली, नावही आलं, फक्त ते 'प्रोबोटेक्टर' होतं. युरोपात हा गेम त्या नावानं निघाला आणि त्यात माणसांच्या जागी रोबोट घातले. माझ्याकडच्या फाईलींत अमेरिकेची, जपानची आणि युरोपची अशा तिन्ही आवृत्त्या होत्या. लाँचरनं त्या एका चित्राखाली गोळा केल्या आणि पुढं केली ती युरोपची.

"मामा, तुम्ही तर बॉडीबिल्डर म्हणलात. हे तर डबे हैत."

आवृत्ती बदलायची सोय उजव्या क्लिकमध्ये होती. उजवी क्लिक माउसवर, माउस कॉम्प्युटरपाशी, कॉम्प्युटर टीव्हीमागं, टीव्हीसमोर माय.

"काय करू लालास रे सकाळपून? टीव्ही काळाच दिसू लालाय."

काळा दिसत होता तो प्लेस्टेशनमुळं. त्याला रॉमवर भागत नाही, बायोस नावाची आणखी एक फाईल लागते, आणि तिचं नाव त्यानं ठरवलंय तस्संच असावं लागतं. मांडव सजला, पंगत बसली, बँडवाला घामाघूम झाला, आणि पत्रिकेत नाव चुकलं म्हणून जावई खोलीतून बाहेर यायला तयार नाही, तसला प्रकार. (दाजी, तुमच्याबद्दल नाही.) बायोस सोनीच्या मालकीची, म्हणून एम्युलेटरवाले ती देत नाहीत, स्वतःच्या यंत्रातून काढून घ्या म्हणतात. आमच्या घरात प्लेस्टेशन कधी आलंच नव्हतं. विषय संपला.

खरी ओढ होती मुस्तफाची. कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', पण स्टँडाजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्याला कुणी त्या नावानं हाक मारली असती तर मालकानं त्याला पुण्याचा समजलं असतं. हा गेम नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्राचा, त्यासाठी मेम लागतो, तोही एक एम्युलेटरच. इटलीच्या निकोला साल्मोरियानं तो १९९७ साली सुरू केला. मेमचा हेतू खेळणं हा नाहीच, जुनी यंत्रं चिपसकट जपून ठेवणं हा आहे. एखाद्या चिपचा नवा तपशील हाती लागला की फाईलींची यादी बदलते आणि जुन्या आवृत्तीचा गेम नवीन मेममध्ये अडतो. मुस्तफासाठी गेमच्या झिपशिवाय आवाजाच्या चिपची क्यूसाउंड नावाची झिपही हवी. झिप उघडायची नाही, आहे तशी ठेवायची. सगळं जमत आलं तेव्हा भाच्यानं, सापडायला सोपं जावं म्हणून, गेमच्या 'डिनो' या झिपचं नाव बदलून 'मुस्तफा' ठेवलं. मेम फाईलच्या नावावरूनच गेम ओळखतो. त्यानं हात वर केले.

हे निस्तरून मुस्तफा लागला, तो नेमका मायच्या मालिकेच्या वेळेला. गेममधून बाहेर पडायला एस्केप, एस्केप कीबोर्डवर, कीबोर्ड पुन्हा टीव्हीमागं. पॅडवरून बाहेर पडायचं बटण वेगळं नेमावं लागतं, तेही लाँचरमध्ये नाही, एम्युलेटरच्या आत. मायनं एवढं काही ऐकून घेतलं नाही. तिनं बोर्डावरचं बटण बंद केलं.

मालिका झाल्यावर परत चालू केलं, तेवढ्यात लेकराला न्यायला दाजी आले. दाजी बँकेत आहेत, हसायचंसुद्धा व्हाउचरवर. मुस्तफाचा आवाज ऐकून उभ्याउभ्याच पॅड घेतला. कॉइन कुठं टाकायचा म्हणून विचारलं. मी सिलेक्टचं बटण दाखवलं. त्यांनी दाबलं, एक क्रेडिट आलं. परत दाबलं. मग गेम सुरू न करता नुसतं दाबतच राहिले.

"चहा घ्या की," मी म्हणालो.

"थांबा जरा. हे एवढे रुपये कोणाच्या खात्यात जमा होऊ लालेत?"