कोंबडीला विचारलं का?

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास उगवतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो बाळाकाकांनी टाकला, कारण माझी भाची ‘अ‍ॅनिमल मॅनेजमेंट अँड वेल्फेअर’ची, म्हणजे प्राण्यांची निगा आणि त्यांचं कल्याण या विषयाची पदवी करायचं म्हणतेय. मजकूर साधारण असा: ‘प्राण्यांवर माया असेल तर डिग्री कशाला? शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गुरं सांभाळतोय, त्याने कुठली परीक्षा दिली? हा कोर्स म्हणजे नीटमध्ये आपटलेल्यांची सोय. शेवटी पिंजरेच साफ करायचे, आणि नोकरी तर नाहीच.’

काका, तुमचा मान राखून एकेक मुद्दा घेते.

माया पुरते म्हणे. 1965 साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने बंदिस्त पाळलेल्या जनावरांविषयी अहवाल दिला. जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आलं पाहिजे, हे त्यातलं म्हणणं पुढे जगभर गेलं. माणसं जाणकार होती, कळवळ्याने बोलत होती. त्यांनी असंही सुचवलं, की कोंबड्यांच्या पिंजऱ्याला तळाशी बारीक षटकोनी जाळी नको, जाड तारेची चौकोनी लावा. 1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी वेगवेगळ्या जाळ्या कोंबड्यांपुढेच ठेवल्या आणि त्या कुठे जाऊन उभ्या राहतात ते पाहिलं. कोंबड्यांनी बारीक जाळीच पसंत केली.

म्हणजे जाणकारांची माया चुकली, आणि ते कळलं कोंबडीला विचारल्यामुळे. विचारायचं कसं, हेच तर या पदवीत शिकवतात. चाचणी कशी लावायची, एका कोंबडीची लहर आणि शंभर कोंबड्यांचा कल वेगळा कसा काढायचा, जनावर दर मिनिटाला काय करतंय याची नोंद कशी ठेवायची. त्यासाठीच अभ्यासक्रमात संख्याशास्त्र असतं. (भाचीला हे अजून सांगितलेलं नाही. गणित सुटलं म्हणून खूश आहे बिचारी.) आणि नुसत्या मायेने काय होतं ते 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यात दाणे टाकण्यावरून झालेल्या रणात आपण पाहिलंच. बारा महिने दाणे मिळाले की कबुतरं बारा महिने पिल्लं काढतात, एवढी साधी गोष्टही त्या आरडाओरड्यात कुणी ऐकून घेईना.

शेतकऱ्याचा मुद्दा मला मनापासून पटतो, पण अर्धाच. आमचे आजोबा म्हशीच्या नुसत्या कानांवरून सांगायचे, आज हिचं काहीतरी बिनसलंय. पण त्यांच्या म्हशीला गावात डोह होता. म्हशीचं कातडं काळं, गाईच्या मानाने घामाच्या ग्रंथी फारच कमी, म्हणून ती पाण्यात आणि चिखलात बसून अंग थंड करते. तीच म्हैस जोगेश्वरीच्या तबेल्यात आणून बांधली, की आजोबांचं निम्मं ज्ञान डोहाबरोबर गावीच राहतं. इथे मे महिन्यात पाइपने पाणी किती वेळा मारायचं, पंखा आधी की पाणी आधी, दमट हवेत नुसत्या पंख्याचा उपयोग किती, सिमेंटच्या कोब्यावर खुरं का खराब होतात, दिवसातून किती तास म्हैस आडवी होते आणि ते तास घटले तर त्याचा अर्थ काय? आजोबांना हे प्रश्न कधी पडलेच नाहीत, पडायचं कारणही नव्हतं. तबेल्याच्या मालकाला मात्र ते रोज पडतात.

‘नीटमध्ये आपटलेल्यांची सोय’ हे वाचून मात्र डोकं फिरलं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. तिथला अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा, प्रवेश नीटच्या गुणांवर. तो रस्ता वेगळा. डॉक्टर विचारतात, याला झालंय काय? वेल्फेअरवाला विचारतो, काहीच झालेलं नसताना हा बरा आहे का? पिंजऱ्यात त्याच आठ पावलांत तासन्‌तास येरझाऱ्या घालणाऱ्या बिबट्याचे रक्ताचे रिपोर्ट अगदी स्वच्छ येऊ शकतात. तरी काहीतरी चुकलेलं असतं. तेवढं एक लक्षात ठेवा, की ही पदवी घेऊन उपचार करता येत नाहीत. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार त्याला नोंदणी लागते. ‘तीन वर्षांत प्राण्यांचे डॉक्टर व्हा’ असं कुणी सांगत असेल, तर तिथे पैसे भरू नका.

पिंजरे साफ करावे लागतात? हो, लागतात. प्रयोगशाळेतल्या नर उंदरांचा पिंजरा अगदी चकाचक धुतला, तर त्यांच्या ओळखीचा वास जातो आणि ते एकमेकांना चावून रक्तबंबाळ करतात. घरट्याचं जुनं साहित्य थोडं परत ठेवलं तर भांडणं कमी होतात. विष्ठेतूनही जनावरावरच्या ताणाचा माग काढता येतो. झाडू मारणाऱ्याला हे माहीत असलं तर बिघडलं कुठे?

राहिली नोकरी. इथे काकांना मी पूर्ण खोडून काढणार नाही. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थांना 1998 च्या नियमांनुसार नैतिकता समिती नेमावीच लागते. प्राणिसंग्रहालयांवर 1992 पासून केंद्रीय प्राधिकरणाची नजर आहे. राणीच्या बागेत 2016 मध्ये आणलेले हम्बोल्ट पेंग्विन आपल्या उकाड्यात नुसत्या वातानुकूलनावर जगत नाहीत, त्यांच्यामागे रोजच्या नोंदी आणि माणसं लागतात. काम आहे. पण इथल्या बऱ्याच जाहिराती पशुवैद्यकाची नाहीतर प्राणिशास्त्राची पदवी मागतात, आणि भाचीने पाहिलेला कोर्स ब्रिटनमधला आहे. म्हणून तिला म्हटलं, आधी मुंबईतच प्राणिशास्त्रात बीएस्सी कर, सुट्टीत एखाद्या प्राण्यांच्या निवाऱ्यात राबून बघ, मग वेल्फेअरच्या मास्टर्सचं बोलू. तिने तोंड वाकडं केलं. पण काल गॅलरीतल्या मांजरीसमोर वही घेऊन बसली होती, दर मिनिटाला एक खूण करत. विसाव्या मिनिटापर्यंत ‘झोपली आहे’ याच रकान्यात सगळ्या खुणा होत्या.