ह्येंचो वाटो कसो?

आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे आणि मी कुरियरने मीठ मागवतो. मालवणात राहून हे कुणाला सांगायची सोय नाही. कुरियरवाल्याने वीस किलोची बादली ओट्यावर आदळली तेव्हा शेजारचे निवृत्त तांडेल काका नेमके गडग्यापाशी उभे होते. त्यांनी बादलीवरचं प्रवाळाचं रंगीत चित्र पाहिलं, मला पाहिलं, मग किनाऱ्याच्या दिशेला पाहिलं.

"दर्यो आटलो काय रे?"

त्यांना कसं समजावणार? खाऱ्या पाण्यातले मासे पाळायला पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचेची टाकी. तिच्यात साडेपाचशे लिटर पाणी, आणि लिटरला 35 ग्रॅम मीठ. किनाऱ्यावरचं पाणी उचलून आणलं तर त्यात होड्यांचं डिझेल. जून लागला की खाडीतून गाळ आणि गोडं पाणी उतरतं, मग त्याचा खारटपणाही भरवशाचा राहत नाही. शिवाय टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोज वरून जी भर घालायची ती गोड्या पाण्याची. हेही काकांनी एकदा पाहिलं. "मीठ इकत घेतंस आणि वरसून गोडा पाणी ओततंस?" त्यानंतर ते माझ्याशी जरा हळू आवाजात बोलू लागले.

टाकी भरली म्हणून मासा सोडता येत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाढावे लागतात, त्याला महिना-दीड महिना जातो. तेवढा काळ घरी येणाऱ्या पाहुण्यांनी चहा पीत दगड पाहिले. काहींनी "छान आहेत" असंही म्हटलं. कोकणी माणूस आदरातिथ्याला जागतो.

प्रवाळ ठेवायचा प्रश्नच नव्हता. 2001 पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र तर 1987 पासून अभयारण्य. पण प्रवाळ नाही म्हटल्यावर एक रस्ता मोकळा होतो. ज्यांच्या टाकीत प्रवाळ असतो ते बटरफ्लायफिशला दारात उभं करत नाहीत, कारण ती मंडळी प्रवाळ कुरतडून खातात. माझ्याकडे कुरतडायला दगडच होते. त्यामुळे बटरफ्लायफिश आणायचा हे ठरलं. कुठला, हे ठरेना.

या कुळात सुमारे 130 जाती आहेत आणि एकजात सगळ्या देखण्या. ताटलीसारखं चपटं अंग, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, आणि काहींना शेपटीकडे खोटा डोळा, म्हणजे हल्ला करणाऱ्याने भलत्या टोकाला तोंड मारावं. घोटाळा खाण्यात आहे. शेव्हरॉन, मेयर, ऑर्नेट यांना जिवंत प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे प्रवाळातले इवले जीव सोडून दुसरं काही अन्न वाटतच नाही. दुकानदार तरीही ते विकतात, आपण तरीही ते घेतो, आणि मासा महिनाभर उपास करून मरतो. उलट रॅकून, ऑरिगा, व्हॅगाबाँड, क्लाइन हे मिळेल त्यावर भागवणारे. हेनिओकसही तसाच, फक्त तो वीतभराचा होतो आणि त्याला जोडीदार लागतात. माझा जीव मात्र कॉपरबँडवर जडला होता. पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे, चिमट्यासारखं लांब तोंड. दगडाच्या फटीतले आयप्टेशिया, म्हणजे उपद्रवी बारकी समुद्रफुलं वेचून खातो म्हणून त्याची मोठी कीर्ती. बाकी काही खाईल की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर.

बायकोची अट एकच होती. "मरणार नाही असा आण." मी 130 जातींतून मार्ग काढत होतो आणि तिने चार शब्दांत विषय संपवला.

दुकान मुंबईत. त्याच वेळी आईला मावशीकडे जायचं होतं, म्हणून ती बरोबर आली. आता, आईने आयुष्यात जिवंत मासा फारसा विकत घेतलेला नाही. पण मेलेला तिला कुणी फसवून देऊ शकलेलं नाही. मालवणच्या बाजारात ती बांगड्याचा कल्ला उचलते, पोटावर बोट दाबते, डोळ्यात बघते, आणि कोळणीला काही न बोलता पुढे जाते. तेव्हा तिच्या मागून येणाऱ्या दोन-तीन बायकाही पुढे जातात. अशी बाई निळ्या दिव्यांच्या त्या दुकानात शिरली, रांगेने लावलेल्या टाक्यांवरून तिने नजर फिरवली आणि काउंटरवरच्या पोराला विचारलं,

"ह्येंचो वाटो कसो?"

वाटो म्हणजे बाजारात ढीग करून मांडलेल्या मासळीचा वाटा. पोरगा उत्तरेकडचा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॉपरबँडकडे पाहिलं. एकाची किंमत ऐकल्यावर आईने पिशवी काखेत घट्ट धरली. एवढ्यात अख्खी सुरमई येते, हे तिने मला पुरतं ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटून सांगितलं.

पोराने मध्येच एक "हेनिओकस" पुढे केला. काळे-पांढरे पट्टे, पाठीवरून मागे गेलेला लांब शेला, सगळं जिथल्या तिथे. पण शेपटी काळी होती आणि नाकाडावर नारिंगी डाग. हेनिओकसची शेपटी पिवळी असते. काळ्या शेपटीचा तो मूरिश आयडॉल. दिसायला भाऊ, पण टाकीत जगवायला भल्याभल्यांना रडवणारा. पोराला म्हटलं तर तो म्हणाला, "एकही बात है साहब." बाजारातल्या माणसाने सौंदाळ्याला पापलेट म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ती कॉपरबँडच्या टाकीपुढे उभी राहिली. कल्ला उचलता येईना, बोट दाबता येईना, मधे काच. तिने चष्मा पुसला.

"काय खाता ह्यो?"

"सब खाता है माताजी."

"खाता तर दाखय."

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे सगळे जाणते एक नियम सांगतात: दुकानात डोळ्यांदेखत खाल्ल्याशिवाय बटरफ्लायफिश घेऊ नये. हे मला पाठ होतं, पण दुकानदाराला म्हणायचा धीर होत नव्हता. आईला नियम ठाऊक नव्हता, म्हणून ती बोलून मोकळी झाली. पोराने बर्फातली मायसिस कोळंबी विरघळवून सोडली. कॉपरबँडने एक कण पाहिला, त्याच्याभोवती फिरून आला आणि तोंड फिरवलं. आई म्हणाली, "मानेकडे बघ. सुकलो हा." खरंच, डोक्याच्या मागे पाठीवरचं मांस बसलेलं होतं, पोट आत गेलेलं. उपाशी माशाची हीच खूण.

शेजारच्या टाकीत एक रॅकून होता. पिवळा, डोळ्यांवर काळा मुखवटा, त्याच्यामागे पांढरा पट्टा, आकार साधारण चार इंच. हाच आकार घ्यावा म्हणतात. फार लहान असला तर लवकर खंगतो, आणि पूर्ण वाढलेला नव्या घराला रुळत नाही. मायसिस पाण्यात पडताच त्याने झडप घातली, मग आईच्या बोटासमोर काचेला येऊन आणखी मागितलं.

"ह्यो खाणारो. ह्योच घे."

त्यानंतर तिने पन्नास रुपये कमी करून घेतले आणि वर मायसिसचं एक पाकीट. या धंद्यात असं होत नाही, असं पोरगा शेवटपर्यंत म्हणत होता.

परतीची गाडी तुतारी. थर्माकोलचा खोका, आत प्राणवायू भरलेली पिशवी, पिशवीत रॅकून. आता थर्माकोलचा खोका कोकणातून मुंबईला जातो आणि त्यात बर्फावर मासे असतात, हे सगळ्या गाडीला माहीत. उलट दिशेने जाणारा खोका पाहून समोरच्या बर्थवरचे गृहस्थ बेचैन झाले. पनवेलपर्यंत त्यांनी दम धरला.

"मासे?"

"हो."

"मुंबयसून मालवणाक मासे नेतास?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "औषध आसा." आणि चादर ओढून झोपली. रत्नागिरीपर्यंत ते गृहस्थ पाय आखडून बसले होते.

रॅकूनला आधी न्हाणीघरातल्या वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला की सहजी निघत नाही, आणि तांब्याचं औषध माशाला सोसेलच असं नाही. त्या काळात आमच्याकडे आंघोळी कुजबुजत झाल्या. मोठ्या टाकीत गेल्यावर हे महाशय निशाचर निघाले. दिवसा दगडाआड, आणि रात्री पाणी प्यायला उठावं तर मुखवटा लावून येरझाऱ्या.

खाण्याचं मात्र आईनेच बिघडवलं. नवीन जागी माशाची भूक उघडावी म्हणून शिंपल्यातलं ताजं मांस द्यावं, असं मी तिला वाचून दाखवलं. तिने दोन तिसऱ्या उघडून अर्ध्या शिंपीसकट आत सोडल्या. त्या दिवसापासून रॅकूनने मायसिसकडे कॉपरबँडच्या नजरेने बघायला सुरुवात केली. बाजारातून तिसऱ्या आल्या की आता दोन वाटे होतात. बायको म्हणते मोठ्या तिसऱ्या टाकीत जातात, आणि ते खरं आहे. पावसात तिसऱ्या मिळणं कठीण, म्हणून मे महिन्यातच एक डबा भरून फ्रीजरमध्ये ठेवला.

आणि श्रावण लागला. घरात वालाची उसळ, अळूचं फदफदं, आणि फ्रीजरमध्ये तो डबा. आईने फ्रीज धुतला, डबा पाहिला, हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, त्याला काय श्रावण, तो मासाच आहे. तिने डबा परत आत ठेवला, वर वर्तमानपत्र घातलं आणि टाकीपाशी जाऊन काचेवर बोट वाजवलं.

"त्येका सांग, चवथ होयसर उसळ खा."