मॉरोविंडसाठी चारशे मॉड्स कशाला?

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर पहिला खेळ म्हणून मॉरोविंड उतरवला. एल्डर स्क्रोल्स मालिकेतला हा खेळ २००२ सालचा, म्हणजे तिच्याहून वयाने मोठा आहे. "मामा, तू इतकी वर्षे ज्याचे गोडवे गातोस, तो खेळ एकदा पाहतेच," असे ती म्हणाली तेव्हा मला बरे वाटले. दोन रविवार उलटल्यावर चौकशी केली, तर खेळ सुरूच झालेला नव्हता. इंटरनेटवर सापडलेल्या चारशेहून अधिक मॉड्सच्या, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेल्या बदलांच्या, यादीतले एकशे साठावे मॉड ती त्या वेळी बसवत होती. तिसऱ्या रविवारी खेळ एकदाचा सुरू झाला, चाळीस मिनिटे चालला आणि बंद पडला. तो कोणत्या मॉडमुळे बंद पडला, हे शोधून काढणे तिच्याच्यानेही झाले नाही आणि माझ्याच्यानेही.

तिची चूक होती असे मला वाटत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये मॉरोविंडनंतरच्या ऑब्लिव्हिअन या खेळाची नव्या रूपातली अधिकृत आवृत्ती आली, तेव्हापासून या मालिकेतले जुने खेळ पाहू इच्छिणाऱ्या नव्या खेळाडूंची अपेक्षा साहजिकच वाढलेली आहे. मॉरोविंडच्या वाट्याला तसे भाग्य आलेले नाही. त्याची डागडुजी वीस वर्षांहून अधिक काळ चाहत्यांनीच केलेली आहे. खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने मुळातच खेळासोबत तो बदलण्याचे साधनही दिले होते, त्यामुळे मॉड्सचा साठा अफाट आहे. नवख्या माणसाची पंचाईत होते ती याच मुबलकतेने. जेवणावळीत पानावर एकदम सगळेच वाढले, तर पाहुणा आधी काय खाणार?

माझे मत सरळ आहे. नवख्याने फक्त खेळाचे यंत्र दुरुस्त करणाऱ्या गोष्टी आधी बसवाव्यात, पाच-सहा तास खेळावे, आणि त्यानंतरचे प्रत्येक मॉड स्वतःला आलेल्या एखाद्या अडचणीचे उत्तर म्हणून निवडावे. दुसऱ्या कुणाच्या तक्रारींची यादी आपल्या संगणकावर उतरवून घेऊ नये.

यंत्राची दुरुस्ती म्हणजे काय, ते आधी सांगतो. खेळाची मूळ प्रत विकत घ्यावी लागते, आणि ट्रायब्युनल व ब्लडमून हे दोन्ही विस्तार असलेली 'गेम ऑफ द इयर' आवृत्तीच घ्यावी, कारण बहुतेक मॉड्स ते दोन्ही विस्तार गृहीत धरतात. त्यानंतर दोन वाटा फुटतात. पहिली वाट जुन्याच इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामावर, राहण्याची आहे. तिथे मॉरोविंड कोड पॅच मूळ प्रोग्रामातील दोष दुरुस्त करतो, एमजीई एक्सई दूरवरची दृश्ये आणि प्रकाशाचे परिणाम देतो, आणि एमडब्ल्यूएसई नावाच्या जोडणीवर आधुनिक सोयींची कितीतरी मॉड्स चालतात. दुसरी वाट ओपन-एमडब्ल्यूची. हे स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेले, मुक्त आणि विनामूल्य इंजिन आहे. ते मूळ खेळातली माहिती, चित्रे आणि संवाद तसेच वापरते, पण जुना प्रोग्राम बाजूला ठेवते. रुंद पडदे, आजच्या विंडोज, लिनक्स किंवा मॅक या प्रणाली, दूरवरचा भूप्रदेश, पाण्यातली प्रतिबिंबे आणि सावल्या यांसाठी वेगळे काही शोधावे लागत नाही.

नवख्याने दुसरी वाट धरावी, असे मी ठामपणे सांगतो, आणि त्याचे मुख्य कारण दिसण्याशी संबंधित नाही. ओपन-एमडब्ल्यूमध्ये प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवता येते आणि लाँचरमध्ये त्या फोल्डरचा पत्ता दिला की काम होते. मूळ खेळाच्या फायलींना हात लावावा लागत नाही. नको असेल तेव्हा तो पत्ता काढून टाकला की झाले. जुन्या पद्धतीत एका मॉडच्या फायली दुसऱ्याच्या फायलींवर एकाच फोल्डरमध्ये ओतल्या जात, आणि चार महिन्यांनी त्यातली कुठली कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. (मॉड व्यवस्थापक वापरून हे टाळता येते, हे मला ठाऊक आहे, पण पहिल्याच दिवशी आणखी एक प्रोग्राम कशाला शिकवायचा?) या वाटेची एक किंमत मात्र आधीच समजून घ्यावी. एमडब्ल्यूएसईवर अवलंबून असलेली मॉड्स ओपन-एमडब्ल्यूवर चालत नाहीत, आणि कोड पॅच व एमजीई एक्सई यांचाही तिथे उपयोग नाही. माझ्या भाचीच्या यादीत दोन्ही वाटांची मॉड्स एकत्र आली होती, त्यामुळे तिचा अर्धा वेळ मुळात चालूच न शकणाऱ्या गोष्टी चालवण्यात गेला. मॉडच्या पानावर 'कशाची आवश्यकता आहे' हा भाग असतो. चित्रे पाहण्याआधी तो वाचायची सवय लावून घ्यावी.

इंजिनानंतर पहिले मॉड म्हणजे पॅच फॉर प्युरिस्ट्स. ते खेळातले हजारो लहानमोठे दोष काढते, म्हणजे अडकलेल्या मोहिमा, चुकीचे संवाद, हवेत तरंगणाऱ्या वस्तू वगैरे. आणि नावाला जागून खेळाच्या रचनेत स्वतःची मते घुसडत नाही. दुसरे मॉरोविंड ऑप्टिमायझेशन पॅच, ज्याने खेळातली त्रिमितीय रूपे संगणकाला हलकी होतात आणि त्यांतले काही दोषही जातात. तिसरे पृष्ठभागांच्या चित्रांसाठी. मी इंटेलिजंट टेक्श्चर्स सुचवतो, कारण त्यात मूळ चित्रेच अधिक स्पष्ट केलेली आहेत. खेळातल्या बालमोरा शहराची भिंत बालमोराचीच वाटते, संगमरवरी होत नाही. प्रत्येक दगड चकचकीत करणाऱ्या संग्रहांचे माझ्या दृष्टीने फारसे कौतुक नाही. राखेच्या वादळांनी झाकलेल्या बेटावर सगळे नुकतेच धुऊन ठेवल्यासारखे दिसू लागले, तर त्या प्रदेशाचा स्वभावच हरवतो.

पहिल्या दिवसाची खरेदी इथेच संपते, आणि आता प्रत्यक्ष खेळावे. यानंतर ज्या तक्रारी सुरू होतात, त्यांतल्या काहींना मॉड हे योग्य उत्तर आहे आणि काहींना ते साफ चुकीचे आहे. नवख्याला खरी मदत हवी असते ती हा फरक ओळखायला.

सर्वांत मोठी तक्रार लढाईची असते. तलवार उंदराच्या अंगातून आरपार जाताना दिसते आणि खेळ म्हणतो की वार चुकला. आजच्या खेळांवर वाढलेल्या माणसाला हा बिघाडच वाटतो, आणि 'प्रत्येक वार लागावा' असे करणारे मॉड तो शोधू लागतो. पण आत काय चालले आहे ते पाहण्यासारखे आहे. वार लागण्याची शक्यता ठरवताना शस्त्राच्या कौशल्यात चपळाईचा पाचवा आणि नशिबाचा दहावा भाग मिळवतात. त्या बेरजेला अंगात दम किती शिल्लक आहे यानुसार ०.७५ ते १.२५ यांमधल्या आकड्याने गुणतात, आणि मग त्यातून प्रतिस्पर्ध्याची वार चुकवण्याची क्षमता वजा करतात. कौशल्य ५, चपळाई आणि नशीब ४०-४० असलेला नवखा खेळाडू खेळ जिथे सुरू होतो त्या सेडा नीन गावच्या कचेरीतल्या टेबलावरचा लोखंडी खंजीर उचलतो आणि गावाबाहेर धावत सुटतो. धावल्याने दम संपतो. त्याची बेरीज १७, दम संपलेला असल्याने शक्यता उरते सुमारे १३ टक्के, आणि त्यातूनही उंदराचा वाटा वजा व्हायचा असतो. हाच माणूस सुरुवातीला ४० कौशल्य असलेले शस्त्र निवडून शांतपणे चालत गेला, तर बेरीज ५२ आणि वजावटीपूर्वीची शक्यता ६५ टक्के होते. म्हणजे तक्रारीचे उत्तर मॉडमध्ये नसून पात्र घडवताना कोणते शस्त्र निवडले आणि दमाची हिरवी पट्टी पाहिली की नाही, यात आहे. एवढे समजून घेऊनही ज्याला ती पद्धत आवडत नाही, त्याने खुशाल मॉड बसवावे. पण न समजता बसवले, तर खेळातली अर्धी औषधे, मंत्र आणि प्रशिक्षक निरर्थक होऊन बसतात.

नकाशावर बाण दाखवणाऱ्या मॉड्सबद्दलही माझे असेच म्हणणे आहे, किंबहुना थोडे अधिक कडक. मॉरोविंडमध्ये माणसे तोंडी पत्ता सांगतात: अमुक किल्ल्यापाशी वळा, पूल ओलांडा, मग वर चढा. आपल्याकडे खेडेगावात वडापाशी डावीकडे वळायला सांगतात, तसाच हा प्रकार आहे. आर्कंगथांडच्या अवशेषांचे दार उघडायची कळ न सापडून मी पहिल्या खेपेस एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, आणि आजही मला खेळाच्या कथेपेक्षा ती संध्याकाळ अधिक आठवते. दिनवहीतल्या नोंदी शोधायला कठीण जातात ही तक्रार मात्र रास्त होती, आणि ट्रायब्युनलमध्ये खुद्द बेथेस्डानेच मोहिमांनुसार नोंदी पाहण्याची सोय देऊन ती मान्य केली. ती सोय वापरावी, बाण टाळावा.

काही तक्रारी मात्र अशा आहेत की त्यांवर मॉड बसवायला क्षणभरही थांबू नये. ट्रायब्युनल बसवलेले असले की पहिल्याच काही रात्रींत झोपलेल्या नवख्यावर डार्क ब्रदरहुडचा मारेकरी चालून येतो. त्या विस्ताराची कथा मुख्य कथेत बरीच पुढे गेलेल्या खेळाडूसाठी आहे, पण मारेकऱ्याला तेवढा धीर नाही. बरे, त्याला कसेबसे मारले, तर त्याचे चिलखत इतके चांगले निघते की पुढचे कितीतरी तास दुकानांतले काहीच घ्यावेसे वाटत नाही. हा हल्ला पुढे ढकलणारी लहान मॉड्स आहेत. त्यांतले एक पहिल्याच आठवड्यात घ्यावे. दुसरे ग्राफिक हर्बलिझम. मूळ खेळात प्रत्येक झुडूप म्हणजे एक पेटी असते, क्लिक करा, खिडकी उघडा, पान घ्या, खिडकी मिटा. या मॉडमुळे एका क्लिकमध्ये वनस्पती खुडली जाते आणि खुडलेली दिसते. किमया शिकणाऱ्याचे यात तासन्‌तास वाचतात आणि खेळाच्या तोलाला धक्काही लागत नाही. बेटर बॉडीजने पात्रांचे सांध्यांपाशी तुटल्यासारखे दिसणारे देह सुधारतात; त्याच्या आवृत्त्या मात्र अंतर्वस्त्रांसह आणि त्यांविना अशा दोन्ही आहेत, तेव्हा घरात लॅपटॉप सामायिक असेल तर निवड डोळे उघडे ठेवून करावी.

दूरवरच्या दृश्यांबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही, तरीही सांगतो. मूळ खेळात धुके फार जवळ असे, आणि ते त्या काळच्या संगणकांच्या दुबळेपणामुळे होते हे खरेच. पण त्याच धुक्यामुळे व्हार्डनफेल हे बेट अवाढव्य वाटे. दृश्याचे अंतर कमालीचे वाढवले, की सेडा नीनच्या आसपासच्या उंचवट्यावरूनच व्हिवेक शहराचे प्रचंड बुरूज दिसू लागतात आणि जे शहर दोन दिवसांच्या प्रवासानंतर गाठल्यासारखे वाटायचे ते शेजारच्या गल्लीत असल्याचे कळते. म्हणून अंतर वाढवावे, पण बेताने; डोळ्यांना भिंत जाणवणार नाही इतके पुरे.

टॅम्रिएल रीबिल्ट या प्रचंड मॉडबद्दल प्रत्येक नवखा विचारतो. बेटापलीकडची मॉरोविंड प्रांताची मुख्य भूमी उभारण्याचे हे काम मूळ खेळ बाजारात येण्यापूर्वी, २००१ मध्ये सुरू झाले आणि अजून चालू आहे. जेवढे झाले आहे ते मूळ खेळाच्या तोडीचे आहे, काही ठिकाणी त्याहून सरस. ते चालवायला टॅम्रिएल डेटा हे सामायिक साहित्यही लागते. बसवून ठेवायला हरकत नाही, कारण तुम्ही जहाजाने तिकडे जाईपर्यंत ते तुमच्या वाटेत येत नाही. पण पहिल्या खेळीत बेट सोडून तिकडे धावू नये.

भाचीच्या लॅपटॉपवर आता एकूण सहा मॉड्स आहेत आणि ती दोन आठवडे रोज खेळते आहे. मध्यंतरी तिने चालण्याचा वेग वाढवणारे मॉड मागितले. मी म्हटले, बालमोराहून कॅल्डेराला जा, तिथून वायव्येच्या वाटेवर एक बाई भेटेल, तिला नार मोकपर्यंत सोबत कर आणि मोबदल्यात बूट घे. मॉड लागणार नाही. काल रात्री अकरा वाजता तिचा निरोप आला: "मामा, बूट घातले आणि पडदा काळाकुट्ट झाला. ग्राफिक्सचे मॉड बिघडले का?"

मी तिला कळवले की काहीही बिघडलेले नाही, बुटांवर काय लिहिले आहे ते नीट वाच.