रोपं नेमकी किती पाठवायची?

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावाकडून फोन आला की प्रश्न ठरलेला: "दादा, जर्मन भाषेची बी-वन परीक्षा फार अवघड असते का?" मी सांगतो, व्याकरण जमेल, आधी प्रश्न नीट वाचायला शीक.

ही परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या नमुना संचात एक ईमेल लिहायचा प्रश्न आहे. आजारी असल्यामुळे मित्र वाढदिवसाला आला नाही. त्याला कळवायचं: समारंभ कसा झाला, कोणती भेट विशेष आवडली आणि का, आता भेटायचं कधी. साधारण 80 शब्द. विचारलेलं सांगितलं का, हा पहिला निकष. सुसंगती, शब्दसंपत्ती, वाक्यरचना त्यानंतर. पहिल्यात शून्य पडलं तर त्या प्रश्नाला शून्यच, भाषा कितीही गोड असो.

आपल्याकडे दहावीच्या मराठीला कृतिपत्रिका, म्हणजे ठरावीक कृतींची प्रश्नपत्रिका, आली आणि दोन तट पडले. साच्यांनी मुलांची भाषा मारली, असं एक म्हणतो. निदान घोकलेले निबंध तरी गेले, असं दुसरा. मला दोघांचं भांडण भलतीकडे चाललेलं दिसतं. परवा भाचीच्या सराव परीक्षेतलं पत्र ताईने पाठवलं. शाळेच्या वृक्षारोपणासाठी रोपवाटिकेकडे रोपं मागवायची होती. दिनांक, विषय, मायना, सगळं जागच्या जागी. पुढे झाडांचं महत्त्व, परिच्छेदभर. कोणती रोपं, किती, कधीपर्यंत? एक अक्षर नाही. गुण सहापैकी पाच! रोपवाटिकेवाल्याने पाठवायचं काय, शुभेच्छा?

इथली, जर्मनीतली पद्धतही धुतल्या तांदळासारखी नाही. क्लासवाले ठरावीक वाक्यं पाठ करून घेतात, मुलं तीन मुद्दे कसेबसे टेकवून मोकळी होतात. शिवाय ही फूटपट्टी मी निबंधाला लावू देणार नाही. पावसावर लिहिताना पोरगी आजीच्या गळक्या छपरापाशी रेंगाळली, तर रेंगाळू द्यावं. पत्राची गोष्ट वेगळी, ते वाचून कुणालातरी काही करायचं असतं. हीटर बंद पडल्याचं घरमालकाला लिहिताना कोणत्या खोलीतला आणि कधीपासून, हे राहिलं तर दुरुस्ती लांबते आणि तोवर थंडीत बसावं लागतं.

पत्राचे निम्मे गुण मागणी पूर्ण मांडण्याला द्यावेत, असं माझं म्हणणं. अडचण दिसते आहे. मायना आहे का, हे एका नजरेत कळतं. मागणी पूर्ण आहे का, त्यासाठी अख्खं पत्र वाचावं लागतं. गठ्ठ्यामागून गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकांना तेवढा वेळ आणि मानधन कोण देणार, यावर दोन्ही तट गप्प आहेत.