‘शब्दांना सातच टक्के किंमत’ म्हणे!

सीझन जवळ आला की गोव्यातल्या होमस्टेवाल्यांच्या, वेडिंगवाल्यांच्या, काजूवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. परगावच्या ग्राहकासमोर ऑनलाइन पिच, म्हणजे आपला माल किंवा सेवा विकण्यासाठीची मांडणी, कशी द्यावी, याचा. सार असं: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाच्या चढउताराचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणून काय बोलायचं याची फार चिंता नको. चेहऱ्यावर लाइट घ्या, कॅमेऱ्यात एकटक बघा, पहिली वीस मिनिटं समोरच्याला मध्ये बोलू देऊ नका. आणि ऑनलाइनच तर आहे, वेळ कुठलीही चालते.

आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत, पण ते या कामाचे नाहीत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांतून ते आले. त्यात कुणी कुणाला काही विकत नव्हतं. एका प्रयोगात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द, आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी, एवढंच ऐकणाऱ्याने ओळखायचं. दोन्हींचे निष्कर्ष जोडून ७-३८-५५ तयार झालं. बोलणं भावनांबद्दल आणि आवडीनिवडीबद्दल नसेल तर हे समीकरण लागू होत नाही, हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलंय. फॉरवर्डमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं.

आता फोंड्याचा एखादा काजूवाला जर्मनीतल्या खरेदीदारासमोर बसलाय असं धरा. डब्ल्यू ३२० (एका पौंडात ३०० ते ३२० काजूगर) या प्रतीत तुकडा किती निघतो, ओलावा किती टक्के, ऑर्डर दिल्यापासून माल किती दिवसांत, कमीत कमी किती कार्टन घ्यावे लागतील? हे देहबोलीतून कसं सांगणार? हसऱ्या चेहऱ्यावरून ओलावा कळत असता तर लॅबचा रिपोर्ट कुणी मागितला नसता. वेडिंगवाल्याचंही तेच. दिल्लीचं कुटुंब पहिल्या पाच मिनिटांत विचारतं, बीचवर संगीत किती वाजेपर्यंत चालेल? रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते लिहिलेलं आहे. तिथे ‘बघू, करू काहीतरी’ म्हणत कितीही गोड हसा, समोरचा काय समजायचं ते समजतो. ‘१० नंतर बंद हॉलमध्ये हलवू, त्याचं भाडं एवढं’ हे वाक्य तयार हवं. तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ माझ्या मते अशा प्रश्नांवरच जावा: कॉलवर कोण कोण असणार, त्यांतला पैशांचा निर्णय कुणाचा, आणि तो कशावर अडून बसेल.

आवाजाचं महत्त्व मात्र मी नाकारत नाही. फक्त ते चढउतारात कमी आणि माइकमध्ये जास्त आहे. मानसशास्त्रज्ञ एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्‌झ यांनी २०१८ मध्ये दाखवलं की तेच भाषण खराब आवाजात ऐकवलं तर लोकांना वक्ता आणि त्याचं संशोधन दोन्ही कमी दर्जाचे वाटतात. जुलैत पत्र्याच्या शेडखाली बसून कॉल घेणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. लाइटचा रिंग घेण्याआधी माइकवाला साधा इअरफोन घ्या, आणि राउटर इन्व्हर्टरवर टाका. झूमला नुसत्या आवाजासाठी साधारण ६० ते ८० केबीपीएस पुरतात. दोघांच्याच कॉलवर ७२०पी व्हिडिओला मात्र १.२ एमबीपीएस लागतात. म्हणजे नेट डळमळलं की व्हिडिओ बंद करून बोलत राहायचं. फॉरवर्डच्या हिशेबाने तिथेच ५५ टक्के पिच बुडाली! प्रत्यक्षात सौदे आजही फोनवर होतात.

एकटक बघण्याबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये झूमच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यांत जवळून सतत रोखलेली नजर हे एक आहे. आपण थकवणारे पाहुणे कशाला व्हायचं?

वीस मिनिटं बोलू न देण्याचा सल्ला तर सगळ्यांत घातक. समोरासमोर बसलात तर कंटाळलेला माणूस दिसतो. स्क्रीन शेअर केली की तो कोपऱ्यातला चौकोन होतो आणि मेल वाचायला लागतो. तीन-चार मिनिटांत आपली ओळख आटपून त्याची अडचण विचारा, मग लागेल तीच स्लाइड उघडा.

राहिली वेळ. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. तिथलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणजे नेमकं आपला सीझन सुरू होताना, नोव्हेंबरात लंडनला भरणाऱ्या वर्ल्ड ट्रॅव्हल मार्केट या पर्यटन व्यवसायाच्या मेळ्याच्या तोंडावर. अमेरिकेचं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे सप्टेंबरात ठरवलेला ‘दर मंगळवारी दुपारी अडीच’चा कॉल नोव्हेंबरात लंडनवाल्याच्या सकाळी नऊला पडतो, दहाला नाही. कॅलेंडरचं निमंत्रण पाठवताना टाइमझोन त्यांचा ठेवा.